अपलोड मंदावले आणि संशय फायरवॉलवर गेला

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या घराला असलेली फायबरची जोडणी दोन्ही दिशांना १०० एमबीपीएसची आहे, म्हणजे माहिती जितक्या वेगाने आत येते तितक्याच वेगाने ती बाहेरही जायला हवी. प्रत्यक्षात डाउनलोड ९३ पर्यंत जात असे आणि अपलोड पाच-सहाच्या पुढे सरकत नसे. ज्यांचे इंटरनेट पाहण्या-वाचण्यापुरते आहे त्यांना असा दोष वर्षानुवर्षे कळणारही नाही. माझे काम मात्र वेगळे आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांसाठी मी कास्टिंगची डिझाइन करतो; पॅटर्नची त्रिमितीय मॉडेल आणि साच्यात धातू कसा भरत जाईल याच्या सिम्युलेशनच्या फाइली ग्राहकाला पाठवाव्या लागतात आणि त्या एक-दोन जीबीच्या असतात. एक जीबीची फाइल ९० एमबीपीएसने दीड मिनिटात जाते, पाचने जायला सत्तावीस मिनिटे लागतात. व्हिडिओ कॉलवर मला समोरची मंडळी स्वच्छ दिसत आणि ऐकू येत, परंतु माझा आवाज त्यांच्याकडे तुटत तुटत पोचे, आणि दर बैठकीत ‘तुमचे नेट चेक करा’ हे ऐकून घ्यावे लागे.

तपास अवघड होण्याचे कारण असे की घरात एकाच सुमारास बरेच बदल झाले होते. काम करण्याची खोली तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेली, त्यासाठी जिन्यातल्या ओएनटीपासून (फायबर जिथे संपते आणि साधी नेटवर्क केबल सुरू होते त्या डब्यापासून) वरपर्यंत नवी केबल ओढून घेतली, कंपनीने दिलेला राउटर काढून त्याच्या जागी स्वतःचा फायरवॉल बसवला आणि योजनाही ४० वरून १०० एमबीपीएसची केली. फायरवॉल म्हणजे चार पोर्टचा, पंखा नसलेला एक मिनी पीसी असून त्यावर ओपीएनसेन्स चालते. फ्रीबीएसडीवर आधारलेली ही प्रणाली २०१५ मध्ये पीएफसेन्समधून फुटून वेगळी झाली. पीपीपीओईचे, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन सेवादाराशी जोडणी सुरू करण्याचे, लॉगिन हाच फायरवॉल करतो, घरातले कॅमेरे आणि कामाचे संगणक वेगवेगळ्या जाळ्यांत ठेवतो आणि कोणाला कुठे जाऊ द्यायचे हे ठरवतो.

तक्रार नोंदवल्यावर स्थानिक सेवादाराचा तंत्रज्ञ आला. मुलगा कामसू होता. जिन्यातल्या ओएनटीला लावलेली आमची केबल त्याने काढली, आपला लॅपटॉप हातभर लांबीच्या पॅचकॉर्डने जोडला, पीपीपीओईचे लॉगिन केले आणि वेगचाचणी लावली. अपलोड ९२. मग तो लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाला, “बघा सायेब, लाइन एकदम ओके हाय. तुमच्या त्या वरच्या डब्यातच काहीतरी घोळ हाय.” त्याच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता. पुरावा बिनतोड दिसत असला तरी या चाचणीत माझा फायरवॉल आणि वर जाणारी पंचवीसेक मीटरची केबल या दोन गोष्टी एकदमच बाजूला निघाल्या होत्या. दोघांपैकी गुन्हेगार कोण हे त्या ९२ वरून ठरत नव्हते. तरीही केबलवर संशय घ्यायला तेव्हा आधार नव्हता, कारण त्याच केबलमधून डाउनलोड ९३ ने येत होते. म्हणून आधी फायरवॉललाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

फायरवॉलमुळे अपलोड मंदावण्याची नेहमीची कारणे ठरलेली आहेत. पहिले म्हणजे नेटवर्क कार्डावर सोपवलेली कामे. संगणक ६४ केबीपर्यंतचा मोठा तुकडा कार्डाच्या हवाली करतो आणि त्याची लहान पॅकेटे (माहितीचे गठ्ठे) कार्ड स्वतः पाडते, याला टीएसओ म्हणतात. आलेली लहान पॅकेटे जोडून कार्ड वर एकच मोठे पॅकेट देते तो एलआरओ. आणि चेकसमचे, म्हणजे माहिती वाटेत बिघडली नाही ना हे पडताळण्याचे, गणितही कार्डच करते. ज्या संगणकावर संवाद सुरू होतो किंवा संपतो तिथे या सोयी फायद्याच्या असतात, परंतु फायरवॉलने आलेले पॅकेट जसेच्या तसे पुढे धाडायचे असते, आणि मध्येच जोडलेली पॅकेटे पुढे पाठवताना गोंधळ उडू शकतो. काही कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये, तसेच फायरवॉल आभासी संगणकावर चालत असताना, या सोयींमुळे एकाच दिशेचा वेग कोसळल्याचा अनुभव पुष्कळांना आलेला आहे. ओपीएनसेन्समध्ये तिन्ही सोयी मुळातच बंद ठेवलेल्या असतात आणि माझ्याकडेही त्या बंदच होत्या. तरी प्रत्येक सोय एकेकदा चालू करून आणि पुन्हा बंद करून पाहिली. आकडा हलला नाही.

वेगाची वाटणी ठरवणारा ट्रॅफिक शेपर आणि सुरिकाटा हे घुसखोरी शोधणारे सॉफ्टवेअर, दोन्ही पूर्ण बंद केले, तरी अपलोड होते तिथेच. अपलोड चालू असताना सीपीयूवरचा भार दहा टक्क्यांच्या आसपास असे, त्यामुळे यंत्र दमते आहे असे म्हणण्यातही अर्थ नव्हता.

एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटाच्या कमाल आकारावर, मात्र थोडा वेळ घालवला, कारण पीपीपीओई असले की त्याचे नाव हमखास निघते. इथरनेटच्या फ्रेममध्ये १५०० बाइटचे पॅकेट मावते. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते आणि १४९२ उरतात. त्यातून आयपी आणि टीसीपी यांच्या शीर्षकांचे ४० वजा केले की प्रत्यक्ष मजकुराला १४५२ राहतात. हा हिशेब कुठे चुकला तर मोठी पॅकेटे वाटेतच अडतात. परंतु एमटीयूचा दोष फार नियमित असतो. जे पॅकेट मावत नाही ते कधीच जात नाही. म्हणून काही संकेतस्थळे उघडतच नाहीत, काही फाइली सुरुवातीलाच गोठतात. माझ्याकडे सगळे काही जात होते, फक्त रखडत जात होते. खात्री करून घ्यावी म्हणून फायरवॉलवरून सेवादाराच्या गेटवेला, तुकडे न करण्याची अट घालून, १४६४ बाइटचे पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर मागणारे चाचणीचे पॅकेट, पाठवत राहिलो (शीर्षकांचे २८ धरून ते बरोबर १४९२ होते). शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव पिंग परत आली, एखाददुसरी हरवली. साधी, ५६ बाइटची पिंग कितीही पाठवली तरी एकही हरवली नाही. म्हणजे एमटीयू सुटले, परंतु मोठी पॅकेटे अधूनमधून गळतात आणि लहान गळत नाहीत ही नवी माहिती हाती आली.

डुप्लेक्सचा (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचे, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ, याचा) मेळ नसणे हेही एकाच दिशेच्या मंदगतीचे जुने कारण आहे. एका टोकाला १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स हाताने पक्के केलेले असेल आणि दुसरे टोक आपोआप बोलणी करून ठरवणारे असेल, तर त्या दुसऱ्या टोकाला वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे ते हाफ डुप्लेक्स धरून बसते. मग एक बाजू बिनधास्त बोलत राहते आणि दुसरी दरवेळी टक्कर झाली असे समजून मागे सरते. आमच्या ओएनटीचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच आहे, म्हणून ही शंका रास्त होती. परंतु फायरवॉलच्या वॅन (बाहेरच्या, ओएनटीकडच्या) पोर्टवर स्पष्टपणे १०० फुल डुप्लेक्स लिहिलेले होते. नेटस्टॅट या आज्ञेने मिळणाऱ्या पोर्टच्या नोंदींच्या तक्त्यात आत येणाऱ्या चुका शून्य, बाहेर जाणाऱ्या चुका शून्य, टकरी शून्य. इतका स्वच्छ तक्ता पाहिल्यावर पुढे विचारायचे तरी काय, असा प्रश्न पडला.

कामाच्या फाइलींच्या बॅकअपसाठी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये मी लहानसा सर्व्हर भाड्याने घेतला आहे. त्यावर आयपर्फ३ हे वेग मोजण्याचे साधन चालू करून वरच्या खोलीतल्या लिनक्स संगणकावरून अपलोड सुरू केले. या साधनाच्या निकालात वेगाशेजारी आणखी एक रकाना असतो, पाठवणाऱ्याला किती पॅकेटे पुन्हा पाठवावी लागली याचा. वेग सहा आणि तो रकाना सेकंदागणिक फुगत चाललेला. मग हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणारी टीसीपी ही पद्धत सोडून, पुन्हा न पाठवणाऱ्या यूडीपीने ५० एमबीपीएस पाठवले, तेव्हा पलीकडच्या सर्व्हरने गळती साधारण एक टक्का असल्याचे कळवले. मोठ्या पिंगचा आणि या चाचणीचा आकडा असा जुळला.

एक टक्क्याने इतका फरक कसा पडेल, असे कोणालाही वाटेल. मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेले एक सूत्र इथे उपयोगी पडते. त्यानुसार टीसीपीच्या एका जोडणीचा वेग पॅकेटाच्या आकाराच्या सम प्रमाणात, जाण्यायेण्याच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पॅकेट १४५२ बाइटचे, जायला-यायला २० मिलिसेकंद आणि गळती एक टक्का धरली तर उत्तर येते सहा ते सात एमबीपीएस. आजच्या संगणकांतले क्युबिक हे टीसीपीचा वेग ठरवण्याचे गणित थोडे वेगळे वागते, तरी अंदाजाला हे सूत्र पुरते. जाण्यायेण्याचा वेळ २ मिलिसेकंद केला की तीच गळती असूनही वेग दहापट होतो. त्यामुळे सेवादाराच्या स्वतःच्या, जवळच असलेल्या चाचणी सर्व्हरकडे माझ्या फायरवॉलमधूनही अपलोड पन्नास-साठ दिसे आणि फोनवरचा मनुष्य ‘आमच्याकडे तर बरे दिसते’ असे म्हणे. तो खोटे बोलत नव्हता. वेगचाचणीची बहुतेक संकेतस्थळे एका वेळी अनेक जोडण्या उघडतात, त्यामुळेही असा दोष निम्माशिम्मा झाकला जातो. आजही कोणी मला ‘स्पीड टेस्ट टाका’ म्हटले की मी आधी चाचणीचा सर्व्हर कोणत्या गावातला आहे ते पाहतो.

डाउनलोड चांगले का, याचेही उत्तर याच गणितात होते. डाउनलोड करताना बाहेरच्या दिशेला फक्त पोच जाते आणि पोचेची फ्रेम ६० ते ७० बाइटची असते. पूर्ण भरलेल्या फ्रेममध्ये बारा हजारांहून अधिक बिट असतात, पोचेच्या फ्रेममध्ये पाचशेच्या आसपास. एखादा बिट बिघडून सगळी फ्रेम वाया जाण्याची शक्यता पोचेच्या बाबतीत वीस-चोवीसपट कमी असते. शिवाय टीसीपीची पोच साचत जाणारी असते. मधली एखादी पोच हरवली तरी पुढची पोच मागचा सगळा हिशेब सांगून जाते.

गळती आहे हे पक्के झाले, ती फायरवॉलच्या आत आहे की बाहेर हे अजून ठरायचे होते. ओपीएनसेन्समध्ये एकाच वेळी लॅन (घराकडची) आणि वॅन अशा दोन्ही बाजूंची पॅकेटे टिपून ठेवता येतात. एक अपलोड चालू ठेवून दोन्ही बाजू टिपल्या, वायरशार्क या पॅकेटे वाचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी उघडल्या आणि क्रमांक जुळवत गेलो. लॅनवर आलेले प्रत्येक पॅकेट वॅनवरून बाहेर पडलेले होते. जे पुढे हरवले म्हणून पुन्हा पाठवावे लागले, तेही पहिल्या खेपेला वॅनवरून व्यवस्थित गेलेले दिसत होते. थोडक्यात, फायरवॉलने एकही पॅकेट गिळले नव्हते. त्याच्या वॅन पोर्टपासून मुंबईपर्यंत कुठेतरी ती पडत होती. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे, परंतु सेटिंग बदलून बदलून ‘आता बरे वाटते का’ असे पाहत बसण्यापेक्षा कितीतरी भरवशाचे आहे, आणि खरे तर तपासाची सुरुवातच येथून करावी असे माझे मत झाले आहे.

इतके होऊनही फायरवॉलचा चुकांचा तक्ता शून्यच का, हा प्रश्न डोक्यात होता. इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांची एक तपासणी-संख्या जोडलेली असते. फ्रेम घेणारा ती संख्या स्वतः काढून पाहतो, जुळली नाही तर फ्रेम टाकून देतो आणि आपल्या नोंदीत एक चूक वाढवतो. पाठवणाऱ्याला तो काहीही कळवत नाही. म्हणून अपलोडमध्ये फ्रेम बिघडत असेल तर तिची नोंद माझ्या फायरवॉलवर होणारच नव्हती. ती ओएनटीच्या नोंदीत होणार होती, आणि ओएनटीचे व्यवस्थापनाचे पान सेवादाराने कुलूपबंद ठेवले होते. माझ्यापुढचा शून्यांचा तक्ता अपलोडविषयी काहीच सांगत नव्हता.

यानंतर जे घडले ते पावसाच्या कृपेने. एका संध्याकाळी वीज गेली. वरचा फायरवॉल इन्व्हर्टरवर असल्याने चालू राहिला, जिन्यातले ओएनटी बंद पडून वीज आल्यावर पुन्हा सुरू झाले. त्यानंतर पाहतो तो अपलोड ९३ आणि डाउनलोड सात! शेपरचा नियम, सेवादाराने अपलोडवर लावलेली मर्यादा, टीएसओ, यांपैकी कोणतेही कारण असे कूस पालटू शकत नाही. लगेच फायरवॉलवर नेटवर्क कार्डाचे तपशीलवार आकडे काढले. सीआरसीच्या, म्हणजे त्याच तपासणी-संख्येच्या, चुकांचा जो आकडा आजवर शून्य होता तो डोळ्यांसमोर वाढत होता. आता बिघडलेल्या फ्रेमी घेणारा मी होतो, म्हणून त्या माझ्या नोंदीत पडत होत्या.

कूस पालटण्याचे कारण ऑटो एमडीआयएक्स या सोयीत आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, एक पिन १ व २ वरची आणि दुसरी पिन ३ व ६ वरची. एक जोडी पाठवण्याची, एक घेण्याची. कोणती कोणाची हे पूर्वी उपकरणाच्या प्रकारावरून ठरलेले असे. आता दोन्ही बाजूंना ही सोय असली तर लिंक जुळताना ती उपकरणे आपापसांत ठरवतात आणि दरवेळी तोच निर्णय होईल असे नाही. दोन जोड्यांपैकी एक सदोष असेल तर लिंक तुटून पुन्हा जुळल्यावर रोग एका दिशेतून दुसऱ्या दिशेत जाणे शक्य असते. बोट आता थेट केबलकडे दाखवले जात होते.

एक लहान मॅनेज्ड स्विच, म्हणजे प्रत्येक पोर्टच्या नोंदी दाखवणारा जोडणी-डबा, घरात होता. तो घेऊन खाली गेलो, जिन्याच्या वळणावर ओएनटीशेजारी एक्स्टेंशन बोर्डवर लावला, वरून आलेली लांब केबल त्यात खोचली आणि स्विचमधून ओएनटीला लहान पॅचकॉर्ड दिली. पायरीवर बसून लॅपटॉप स्विचला जोडला आणि वर मुलीला फाइल चढवायला सांगितले. पहिली गोष्ट ध्यानात आली ती म्हणजे लिंकचा वेग. फायरवॉलचे पोर्ट आणि स्विचचे पोर्ट दोन्ही एक गिगाबिटची आहेत, मध्ये फक्त ही केबल, आणि तरी लिंक १०० वरच जुळली होती. ओएनटीचे पोर्ट मुळात १०० चे असल्याने ही गोष्ट इतके दिवस झाकली गेली होती. त्या खेपेला खराब पॅकेटांचा रकाना शून्यावरच राहिला. केबल काढून पुन्हा खोचली, मुलीला पुन्हा फाइल चढवायला सांगितले, आणि तो रकाना भराभरा वर जाऊ लागला. तेवढ्यात महापालिकेचे पाणी सुटले म्हणून कोणीतरी टाकीची मोटर चालू केली आणि आकडा चौपट वेगाने पळू लागला. मोटरची वायर आणि ही केबल जिन्याच्या भिंतीवरच्या एकाच केसिंग पट्टीतून वर गेल्या आहेत हे तेव्हा मान वर करून पाहिल्यावर दिसले.

केबल तपासण्याचे साधे यंत्र उद्यमनगरात सहज मिळते. त्याचे दोन भाग दोन टोकांना लावायचे आणि एक ते आठ दिवे क्रमाने लागतात का ते पाहायचे. आठही दिवे क्रमाने लागले. यंत्राच्या मते केबल निर्दोष. मग कनेक्टर उजेडात धरून त्याच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंग वाचले: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम, एखाद्या शाळकरी मुलाने रंगपेटी लावावी तसा. टी५६८बी या प्रचलित पद्धतीत क्रम असा असायला हवा: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. फरक एवढाच की हिरवी आणि निळी या दोन तारांची अदलाबदल झाली होती.

या अदलाबदलीचा परिणाम मोठा असतो. केबलमधल्या प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि सिग्नल त्या दोन तारांमधल्या फरकाच्या रूपात धावतो. बाहेरचा उपद्रव, मग तो शेजारच्या जोडीचा असो की मोटरच्या वायरीचा, पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि फरक घेताना निघून जातो. आमच्या केबलमध्ये पिन १ व २ वर नारंगी जोडी बरोबर होती, म्हणून एक दिशा कायम ठणठणीत. पिन ३ वर हिरवी-पांढरी आणि पिन ६ वर निळी होती. म्हणजे एकाच सिग्नलची एक तार एका पिळात आणि दुसरी तार दुसऱ्याच पिळात, आणि पिळाचे संरक्षण गेलेले. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, त्यांतल्या दोन अशा फुटलेल्या, म्हणून लिंक गिगाबिटला जुळतच नव्हती. दिव्यांचे यंत्र फक्त या टोकाची तार त्या टोकाच्या त्याच पिनपर्यंत पोचते का एवढे पाहते. कोणती तार कोणाभोवती पिळली आहे हे त्याला कळत नाही. मधल्या ४ व ५ या पिनना वळसा घालून ३ व ६ वर एक जोडी लावण्याची ही तऱ्हा टेलिफोनच्या काळातली आहे. फोनची पहिली लाइन मधल्या दोन पिनवर असे आणि दुसरी तिच्या दोन्ही अंगांना.

वायरमनला बोलावले. वीसेक वर्षे घराघरांत वायरिंग केलेला हा माणूस विजेच्या कामात चोख आहे. त्याला रंग दाखवले तेव्हा तो म्हणाला, “दोन्हीकडं रंग सेम हाईत न्हवं? मग झालं की! करंट कुठनं चुकतोय?” विजेच्या वायरिंगपुरते त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. पिळाची गोष्ट समजावून सांगितल्यावर त्याने केबलचा तुकडा हातात घेऊन जोड्यांचे पीळ उलगडून पाहिले, प्रत्येक रंगाचा पीळ कमीजास्त घट्ट असतो हे त्यानेच मला दाखवले, आणि दोन्ही टोके छाटून नवे कनेक्टर लावून दिले. कनेक्टरजवळ पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही एवढीच सूचना मी केली. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची केबलही त्यानेच ओढली होती. तिचा क्रम विचारायची गरज पडली नाही, तो स्वतःच वर जाऊन बदलून आला. मोटरची वायर त्या पट्टीतून अजून हलवलेली नाही. दिवाळीच्या रंगकामात ती वेगळी घ्यायची आहे.

नव्या कनेक्टरांवर स्विचशी लिंक गिगाबिटला जुळली. स्विच काढून केबल थेट ओएनटीला लावली, मुंबईच्या सर्व्हरकडे एकाच जोडणीने अपलोड केले आणि ९३ मिळाले. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर पीपीपीओई आणि इथरनेटचा खर्च वजा जाता ९३-९४ हीच कमाल मर्यादा आहे. पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. ओएनटी मुद्दाम बंद-चालू करून दोन्ही दिशा तपासल्या, मोटर चालू असतानाही तपासल्या.

वेग मिळाल्यावर एक जुनीच अडचण नव्याने दिसू लागली. मोठी फाइल पूर्ण वेगाने चढत असताना व्हिडिओ कॉल अडखळू लागला, कारण ओएनटीच्या तोंडाशी पॅकेटांची रांग साचते आणि आवाजाची लहान पॅकेटे तिच्या शेपटाला जाऊन उभी राहतात. बंद ठेवलेला शेपर आता चालू केला. अपलोडसाठी ८८ एमबीपीएसचा एक पाइप केला आणि त्याला एफक्यू-कोडेल हा शेड्यूलर लावला, जो प्रत्येक संवादाची रांग वेगळी ठेवतो आणि जुनी झालेली पॅकेटे वेळीच टाकतो. रांग आता ओएनटीऐवजी फायरवॉलमध्ये राहते, जिथे तिच्यावर माझा ताबा आहे. डाउनलोडला वेगळा पाइप लावलेला नाही. त्या दिशेला तक्रार नाही.